रुसून मिळालेली सायकल

सोमवार, ११ फेब्रुवारी १९३५
सीताबर्डी, नागपूर

काल माझे लग्न झाले आणि मला सायकल मिळाली.

खरे म्हणजे बायकोचे नाव आधी लिहायला हवे. प्रेमिला. लकडगंजातल्या गणपतरावांची मुलगी, मराठी सातवी पास, अक्षर माझ्यापेक्षा बरे. वकीलसाहेबांनी, म्हणजे मी ज्यांच्याकडे कारकुनी करतो त्यांनी, लग्नाची भेट म्हणून ही डायरी दिली. त्यांनाही ती कुणीतरी दिलेली असावी, कारण ती गेल्या सालची आहे आणि प्रत्येक पानावरचा वार मला खोडून लिहावा लागणार आहे. असो. महत्त्वाचे तेवढे लिहीत जाईन.

पंगतीत नवऱ्या मुलाने रुसायचे, ही आमच्याकडची रीत. त्याने पहिला घास उचलल्याशिवाय कोणी जेवत नाही. मग सासरा अंगठी, उपरणे असे काहीतरी हातात ठेवतो, नवरा मुलगा हसतो, आणि वरणभात गरम असतानाच सगळे मिटते. मारोतमामांनी, ज्यांनी हे लग्न जुळवले, मला आधीच कानात सांगून ठेवले होते, "सासरा घड्याळवाला आहे, इतवारीत दुकान आहे त्याचं. तो घड्याळच देईन. त्याले हात लावू नको गा. सायकल म्हण. वकिलाच्या कारकुनाले सायकल पाह्यजेच."

सासऱ्यांनी खरोखरच कोटाच्या खिशातून साखळीचे घड्याळ काढले. मी मान हलवली. मामा मोठ्याने म्हणाले, "जावई सायकल म्हणून राहिले!" दीडदोनशे माणसे पत्रावळीवर हात आवरून बसलेली. कोणीतरी ओरडले, "लवकर करा गणपतराव, वरण थंडं होऊन राहिलं!" सासऱ्यांनी घड्याळ परत खिशात ठेवले. मग मांडवाबाहेर गेले आणि पाच मिनिटांत सायकल ढकलत घेऊन आले. इतक्या लवकर आणली त्या अर्थी आधीच आणून ठेवली असणार. मोठी माणसे अशीच असतात, मनात असते पण मागितल्याशिवाय देत नाहीत.

सायकल कोरी नाही, एवढेच मनाला लागले. विलायती आहे, काळी आहे, पण सीट घासलेली, आणि मागच्या कॅरियरवर दोरीचे वळ. कोणीतरी रोज पेटीबिटी बांधत असावे. सीटही फार खाली. सासरे ठेंगणे आहेत म्हणून त्यांना जगातले सगळेच ठेंगणे वाटत असतील. मी घंटी वाजवून पाहिली आणि ब्रेक कुठे असतो ते विचारले. तेव्हा प्रेमिलाने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिले.

एकच अडचण आहे. मला सायकल चालवता येत नाही.

बुधवार, १३ फेब्रुवारी

वरात घरी येताना सगळे म्हणत होते, नवरदेव, बसा सायकलवर! मी सांगितले, हळद उतरेपर्यंत चाक चालवायचे नसते. मामांनी लगेच मान डोलावली आणि असे आमच्या घराण्यात चार पिढ्यांपासून चालत आले आहे म्हणून सांगितले. चार पिढ्यांपूर्वी चाक फक्त बैलगाडीला होते, पण कोणाच्या लक्षात आले नाही.

प्रेमिला बोलत नाही. विचारले तर हो म्हणते, नाही म्हणते. स्वतःहून शब्द नाही. मी आजवर काय केले, मला काय खायला आवडते, वकिलाकडे काय काम असते, असा एकही प्रश्न नाही. आईशी मात्र दिवसभर बोलते. दोघी काल वड्या घालताना कशाला तरी खदखदा हसत होत्या. मी गेलो तर दोघी गप्प.

आई म्हणते, "नवी हाय, लाजून राहिली असन. तू काहून जीवाले लावून घेतो?"

मला ती फार आवडली आहे, म्हणून जीवाला लावून घेतो. आईला असे सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो. मी ठरवले आहे की पंधरा दिवसांत सायकल शिकायची आणि तिला मागे बसवून सक्करदऱ्याच्या तलावावर न्यायचे. नवरा झोकात सायकल हाकतो आहे हे पाहिल्यावर कोणती बायको गप्प राहील?

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

इथेच बर्डीवर नत्थूजींचे भाड्याच्या सायकलींचे दुकान आहे. जुने पहिलवान, कान मुडपलेले. त्यांना विश्वासात घेतले. सकाळी सहाला टेकडीखालच्या मैदानात भेटायचे. घरी सांगितले की व्यायामाला जातो, आणि ते खोटे नाही, कारण आज माझे एकूण एक हाड दुखते आहे.

नत्थूजी मागून सीट धरतात आणि धावतात. त्यांनी सोडले की मी पडतो. "चाकाकडे काहून पाहून राहिला गा? समोर पाह्य! चाक कुठं पळून चाललं का?" समोर पाहिले तर समोर बकरी होती. तिच्याकडे पाहिले आणि सायकल थेट तिच्याकडे गेली. बकरीचे काही बिघडले नाही.

दम खायला बसलो तेव्हा नत्थूजी सांगू लागले, "माह्या बापाच्या वक्ती एक गोरा साहेब सायकल घेऊन आलता. पुढचं चाक एवढं उंच का साहेब झाडावर बसल्यावाणी दिसे. पोरं मागं पळत, बाया दारं लावून घेत. लोक म्हणत, घोडा नाही, बैल नाही, मंग हे चालते कशानं? आन आता पाह्य. शिंप्याजवळ सायकल, डाकवाल्याजवळ सायकल, दूधवाल्याजवळ सायकल. सायकल नसली त आता लगीनच होऊन नाही राहिलं."

मी म्हटले, काळ बदलतो.

"तुले कशी भेटली?"

"भेट," मी म्हणालो. आणि पुन्हा सीटवर चढलो, पडलो.

सोमवार, १८ फेब्रुवारी

रजा संपली. सिव्हिल लाइनीत वकीलसाहेबांच्या बंगल्यावर दहाला पोचलो तर दिवाणखान्यातले मोठे लंबकाचे घड्याळ बंद. साहेब ओरडत होते. हे घड्याळ आठ दिवसांच्या किल्लीचे आहे, दर सोमवारी किल्ली द्यावी लागते. चपराशी म्हणाला, "घडीवाले बाबा गेल्या सोमवारी आलेच नाहीत जी. कधी चुकत नाहीत ते."

मी विचारले, कोण हे बाबा? मी तर दोन वर्षांत कधी पाहिले नाहीत.

"पाह्यले असतीन, ध्यानात नसन. पहिले दहा वाजता येत, सायकलवर. आता दोन महिन्यांपासून सकाळी सातच्या आतच येऊन जात. काहून, ते सांगत नाहीत."

काय एकेक माणसे! दोन महिन्यांपूर्वी माझे लग्न ठरले तेव्हापासून मी कामावर एक मिनिट उशिरा आलो नाही, आणि या बाबांना वारही पाळता येत नाही.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

आज फजिती होता होता वाचलो. सकाळी मैदानातून सायकल ढकलत घरी येत होतो तर कॉटन मार्केटजवळ समोरून सासरे! पायी, डोक्याला उपरणे गुंडाळलेले, काखेत लाकडी पेटी, अंग घामाने भिजलेले. एवढ्या सकाळी लकडगंजाहून इथवर चालत. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "जावईबापू, सायकल ढकलून राहिले?"

मी म्हणालो, पंक्चर झाली.

ते पटकन खाली बसले. पुढचे चाक दाबले, मागचे दाबले. दोन्हीत हवा टच्च होती, मी स्वतःच कालच भरून घेतली होती. पण त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हो, पंक्चरच हाय. ढकलतच न्या. चेनले तेल देत जा, आठ दिवसानं." घड्याळवाल्याला टायरमधले काय कळणार! सुटलो.

उठताना त्यांनी हँडलवरून उगीच हात फिरवला. मग पेटी उचलून बर्डीच्या दिशेने गेले. चालण्याचा भारी शौक दिसतो. या वयात चालणे प्रकृतीला उत्तमच. घरी प्रेमिलाला सांगितले, "तुझे बाबा भेटले, फिरायला निघाले होते." तिच्या हातातली परात खाली पडली.

शनिवार, २३ फेब्रुवारी

नागपुरातल्या घड्याळांना झाले आहे काय? आज वाचनालयात गेलो तर तिथलेही घड्याळ बंद. घाईघाईने कामावर गेलो तर चाळीस मिनिटे लवकर. आमच्या बंगल्यातले मात्र चालू झाले. बाबा म्हणे मंगळवारी संध्याकाळी मी गेल्यावर येऊन गेले.

नत्थूजींनी आज सीट वर करू दिली नाही. "जुन्या मालकानं बरोबर बसवली होती," म्हणाले. "त्यानं ही सायकल लेकरावाणी सांभाळली. पाह्य, एक आरा वाकडा नाही."

बुधवार, २७ फेब्रुवारी

आली! आली! मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकट्याने! नत्थूजींनी सीट कधी सोडली मला कळलेच नाही. मागे वळून पाहिले तर ते लांब उभे राहून हात हलवत होते, आणि तेव्हा पडलो, पण ते वळून पाहिले म्हणून. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आले. ते वाऱ्याने नव्हते. मी तेवीस वर्षांचा आहे आणि आजवर माझ्या हाताने इतके आनंदाचे काही झाले नव्हते.

शुक्रवार, १ मार्च

काल रस्त्यावर चालवली. बर्डीच्या उतारावर एक टांगेवाला ओरडला, "बाबूजी, रस्ता तुमच्या बापाचा आहे का, इकून तिकून चालले?" मी त्याला उत्तर दिले नाही, कारण दोन्ही हात गुंतलेले होते.

संध्याकाळी नवे धोतर नेसून दारात घंटी वाजवली. प्रेमिला बाहेर आली. म्हटले, "चल, सक्करदऱ्याला जाऊ. मागे बस."

ती कॅरियरकडे पाहत राहिली, त्या दोरीच्या वळांकडे. मग म्हणाली, "मी नाही बसत त्याच्यावर." आणि आत गेली. थोड्या वेळाने आईने येऊन सांगितले की प्रेमिला चार दिवस माहेरी जाते म्हणते, भाऊ न्यायला येतो आहे.

मी म्हटले, लाजते आहे.

"तुह्या मामाचं ऐकलं नसतं त बरं झालं असतं," एवढेच आई म्हणाली. मामांचा इथे काय संबंध?

सोमवार, ४ मार्च

घर रिकामे वाटते. काम मात्र भरपूर. बंगल्यातले घड्याळ पुन्हा बंद पडले होते. त्यामुळे साहेब कोर्टात वीस मिनिटे उशिरा पोचले आणि न्यायाधीशांकडून चार शब्द ऐकून आले. ते चार शब्द त्यांनी चाळीस करून मला ऐकवले. मी चिडलोच. म्हणालो, "साहेब, असल्या कामचुकार माणसाला ठेवूच नये. त्याला सरळ काढून टाका." साहेब म्हणाले, बरोबर आहे. चपराशाला सांगितले, बाबा आले की सांग, पुन्हा यायचे नाही.

चपराशी कुरकुरला, "म्हातारे हायत जी, पायी येऊन राहिले आता. सायकल नाही राहिली त्यायची."

मी म्हणालो, ज्याचे काम त्याने करावे. साहेबांनी मान डोलावली. माझ्या शब्दाला किंमत आहे हे पाहून बरे वाटले.

रविवार, १० मार्च

हे पान लिहायला नको वाटते. तरी लिहितो.

चार दिवसांचे नऊ झाले म्हणून आज प्रेमिलाला आणायला सायकलवर लकडगंजला गेलो. इतवारीच्या पुढे सागवानाच्या ओंडक्यांच्या गाड्यांमधून वाट काढत, एकदाही न उतरता. सासूबाई शामलाबाई दारातच होत्या. त्यांनी पाणी दिले, पोहे करायला आत गेल्या. सासरे घरी नव्हते. मी ओसरीत बसलो.

कारकुनाची सवय, भिंतीवर कागद दिसला की वाचायचा. खुंटीशेजारी एक कागद चिकटवलेला होता, सुबक अक्षरात. वार आणि त्यापुढे घरे. मंगळवार: वाचनालय, बर्डीचे दोन दवाखाने. गुरुवार: धरमपेठेतली चार घरे. प्रत्येक वाराची निम्मी नावे रेघ मारून खोडलेली. सोमवार: बॅरिस्टरसाहेब, क्लब, आणि त्याखाली आमच्या वकीलसाहेबांचे नाव. त्यापुढे कंसात लहान अक्षरात लिहिले होते: सातच्या आत. जावई दहाला येतात.

त्यावरची रेघ ताजी होती.

मी तो कागद तीनदा वाचला. मागे प्रेमिला येऊन उभी होती. महिनाभर न बोललेली बाई बोलली.

"इतवारीत दुकान म्हणजे एका पानठेल्याच्या बाजूले एक पाटी हाय. त्याच्यावर काय पोट भरते! बाबा घरोघरी जाऊन किल्ल्या देतात, बावीस वर्षं झाली. मांडवात दुसरी सायकल नव्हती. पेटी सोडून ठेवली आन आपलीच आणून देली. तुम्हाले चालवता येत नाही, हे मले घंटी वाजवली तेव्हाच समजलं. बाबालेही समजलं. मले कसं वाटलं असन ते तुम्ही समजा. बाबा रोज पायी जातात, आन माह्या सासरी मी त्या सायकलीवरची धूळ पुसून राहिली."

मी म्हटले, "मामांनी..." आणि थांबलो. मामांनी सांगितले होते, पण मान मी हलवली होती.

एवढ्यात सासरे आले. पाय धुळीने माखलेले. मला पाहून एकदम खूश झाले. "अरे, जावईबापू! सायकलवर आले? पूर्ण रस्ता?" खरेच खूश झाले होते ते. मी म्हटले, सायकल परत घ्या. त्यांनी कानांवर हात ठेवले.

"जावयाले देल्लं परत घेतलं त लोक काय म्हणतीन? पोरगी परत आणली म्हणतीन. असं बोलू नका."

मग जेवायला बसलो. पान वाढले आणि मला वाटले, एकदा रुसून घेतली तशी रुसूनच परत देता येईल. हात मागे घेऊन बसलो. म्हटले, सायकल घेतल्याशिवाय घास उचलणार नाही. सासूबाई घाबरल्या. सासरे मात्र हसू लागले, पोट धरून. "एकदाच रुसता येते, जावईबापू! रोज रुसले त घरात अन्न शिजन काय? जेवा."

जेवलो. पण कारकुनी डोक्याने शेवटी वाट काढली. म्हटले, "सायकल माझी, हे ठरले ना?"

"तुमचीच."

"मग माझी सायकल मी कुठे न्यावी, कोणाला बसवावे, हे मी ठरवणार. उद्या सोमवार. सहाला येतो. पेटी बांधून ठेवा."

ते नाही नाही म्हणत राहिले. सासूबाईंनी आतून सांगितले, "जा ना जी! जावई न्यायले येऊन राहिले आन तुम्ही रुसून राहिले."

प्रेमिला माझ्यासोबत परत आली. सायकल मध्ये धरून आम्ही चालत आलो. कॅरियरवर बस म्हणायची माझी हिंमत झाली नाही. वकीलसाहेबांचे नाव का खोडले गेले, ते तिथे कोणालाच माहीत नाही. त्यांना वाटते, साहेबांनीच काढले. मी सांगितले नाही. भित्रा आहे मी, दुसरे काही नाही.

सोमवार, ११ मार्च

सासऱ्यांचे वजन जास्त नाही, पण पेटीसकट मागे बसले की सायकल माझी राहत नाही. शिवाय ते मागून सूचना देतात.

"डावीकडं बैलगाडी हाय, जावईबापू."

"दिसून राहिली बाबा."

"दिसून राहिली त मंग तिच्याकडंच काहून चालले?"

बॅरिस्टरसाहेबांकडे, मग क्लबात. पहिल्यांदा त्यांचे काम पाहिले. काच उघडायची, लंबक थांबवायचा नाही, किल्लीचे वेढे मोजायचे, शेवटचा वेढा अर्धाच. मग कान लावून ऐकायचे. क्लबातला खानसामा मला ओळखत होता. वकिलाचा कारकून घडीवाल्याला सायकलवर घेऊन फिरतो आहे हे पाहून तो दात काढत राहिला. रस्त्यात मारोतमामा भेटले. त्यांनी दोनदा डोळे पुसून पाहिले आणि गल्लीत वळले. मला वाटले होते त्यापेक्षा हे सोपे गेले.

मग आमच्या बंगल्याचे फाटक आले. यादीतून ते खोडलेले होते. सरळ पुढे जाता आले असते, सासरेही म्हणाले, "इथं नाही, पुढं चला." मी ब्रेक दाबला.

दहाला पाच कमी होते. साहेब दिवाणखान्यात होते, घड्याळ बंदच. मी म्हटले, "साहेब, हे माझे सासरे, गणपतराव. घड्याळाला किल्ली द्यायला आलो आहोत."

साहेबांनी चष्मा वर केला. "हे तुझे सासरे? अरे, हेच ना ते घडीवाले? मग गेल्या सोमवारी तूच तर म्हणालास, कामचुकार माणूस आहे, काढून टाका?"

चपराशी दारात उभा होता. सासरे माझ्या बाजूला उभे होते, पेटी हातात धरून. त्यांच्याकडे पाहायचे धाडस झाले नाही. लाज वाटली, एवढी की तिथेच रडू आले आणि मी ते लपवले नाही.

सासरे म्हणाले, "बरोबर बोलले जी ते. आठ दिवसाची घडी आठव्या दिवशी किल्ली मागते. दोनदा बंद पडली, आन माह्यामुळं पडली. ज्याच्या घरचं काम, त्याच्या बाजूनंच कारकुनानं बोलावं." मग माझ्या हातात पेटी दिली. "धरा." काच उघडली, वेढे मोजले, कान लावला. लंबक हलू लागला.

साहेब थोडे वरमले. "बरे, पुढच्या सोमवारपासून या मग."

"येतो जी. सातच्या आत..."

"नाही साहेब," मी म्हणालो. "दहाला. माझ्यासोबत."

बाहेर येऊन मी सायकल त्यांच्या हातात दिली. मी संध्याकाळपर्यंत कामावर, तोवर दवाखाने, वाचनालय, सुटलेली सगळी घरे करून या म्हटले. जावयाची सायकल सासऱ्याने दिवसभर वापरली तर त्याला परत घेणे म्हणत नाहीत. वाटल्यास मी साहेबांकडून तसे लिहून आणतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, एकदा दाबला, पेटी बांधली आणि टांग टाकून निघाले. या वयात काय झोकात बसतात! मी फाटकाबाहेर येऊन ते वळेपर्यंत पाहत राहिलो. चपराशीही पाहत होता.

संध्याकाळी घरी आलो. प्रेमिला चुलीपुढे होती. उभ्यानेच तिला सगळे सांगितले. वडिलांना साहेबांनी काढले नव्हते, मी काढायला लावले होते, माझ्या शब्दाला किंमत आहे हे पाहून मला बरेही वाटले होते, हेसुद्धा सांगितले. सांगताना वाटत होते की आता ही पुन्हा महिनाभर बोलायची नाही, कदाचित उद्याच लकडगंजला जाईल, आणि गेली तर तिचे काही चुकणार नाही.

तव्यावरची भाकरी करपली. तिने ती काढून बाजूला ठेवली.

"बाबांनी हे मले कधी सांगतलं नसतं," ती म्हणाली.

"नाही."

"चपराशी काही आमच्या घरी येत नाही. मले कधी समजलंच नसतं."

"नाही."

"मंग काहून सांगतलं?"

लग्नाला महिना झाला. तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटले, "माहीत नाही. तुझ्यापासून लपवून इथे बसून जेवता आले नसते."

तिने दुसरी भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवले. मग पदराने कपाळ पुसले.

"राग गेला नाही माहा," ती म्हणाली. "पण उभे काहून हायत? बसा. मले अजून लय विचारायचं हाय."

मी पाट ओढून चुलीशी बसलो.